‘बे’ आला कुठून?

दोस्तांनो, ‘बे एके बे, बे दुणे चार’ हा पाढा तुम्ही कितीदा घोकला असेल! पण दुकानात आपण ‘बे पेरू द्या’ म्हणतो का? छे! ‘दोन पेरू द्या’ म्हणतो. मग पाढ्यातला हा ‘बे’ आला कुठून?

त्याचा माग काढायला महाडला चला. किल्ले रायगडाच्या वाटेवरचं नाते गाव याच तालुक्यातलं. महाडजवळ, मुंबई-गोवा महामार्गालगत डोंगरात गांधारपाले इथं बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला. विष्णुपालित नावाच्या कुमाराने दिलेल्या दानाची ही नोंद. भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज.

त्यातले शब्द बघा. ‘लेण’ म्हणजे लेणं. ‘अठ’ म्हणजे आठ. ‘ओवरक’ म्हणजे खोली. देवळातली ओवरी आठवली ना? आणि पाण्याच्या टाक्या किती? तर ‘बे’! राज्यं गेली, लिपी बदलली, पण ‘बे’ मुलांच्या तोंडी टिकून राहिला. गुजरातीत तर आजही दोनला ‘बे’च म्हणतात.

अशीच गंमत सातासमुद्रापलीकडे, ब्रिटनमध्येही आहे. इ. स. ४३ मध्ये रोमन सैन्य तिथं उतरलं, तेव्हा तिथले बहुतेक लोक इंग्रजी नव्हे, तर ब्रिटॉनिक भाषा बोलत. ही केल्टिक कुळातली भाषा. पुढे समुद्रापलीकडून अँग्लो-सॅक्सन लोक आले, त्यांची इंग्रजी पसरली. जुनी भाषा पश्चिमेकडे सरकली. तिच्या लेकी तीन : वेल्समधली वेल्श, कॉर्नवॉलची कॉर्निश आणि फ्रान्समधली ब्रेटन. इंग्लंडमध्ये मात्र ती नावांत उरली. तिथल्या ‘एव्हन’ नदीच्या नावाचा मूळ अर्थच ‘नदी’!

आणि ऐका, वेल्शमध्ये तीनला ‘त्री’ म्हणतात, सातला ‘साइथ’. ओळखीचं वाटतं ना? संस्कृत आणि केल्टिक भाषांचं मूळ एक असावं, असं सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात सुचवलं होतं. आहे की नाही लांबचं नातं?

पण भाषा भिंतीवर कोरली म्हणून जगत नाही. ती मुलांनी बोलावी लागते. आईवडील मुलांशी इंग्रजीतच बोलू लागले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस कॉर्निश जवळजवळ संपली. विसाव्या शतकात ती पुस्तकांतून पुन्हा शिकावी लागली. वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकात काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. आज तिथं सगळ्या सरकारी शाळांत वेल्श शिकवतात. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं, असं सांगितलं.

आता आपल्याकडे बघू. रायगड जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांवर कातकरी बोली बोलतात. तिथली मुलं शाळेत येतात तेव्हा त्यांच्या बोलण्याला कुणी हसलं, की ती गप्प होतात. ही न दिसणारी पाटीच नाही का?

तेव्हा हसू नका. ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असं विचारा आणि तो शब्द वहीत उतरवा. घरी आजीलाही विचारा. आणि आईबाबांनो, तुमच्या लहानपणीचे शब्द मुलांच्या कानांवर पडू द्या बरं!