देवयानीला जाणारी गाडी

२०१३ सालच्या डिसेंबरात, अमावस्येच्या रात्री, शाळेतली मुलं घेऊन मी भंडारदऱ्याला आकाशदर्शनासाठी गेलो होतो. गाडी प्रासंगिक कराराची एसटी. जेवणं उरकून मुलं माळावर सतरंज्या टाकून आडवी झाली, तसे आमचे चालकही घोंगडी पांघरून शेजारी येऊन बसले. शर्मिष्ठा आणि भाद्रपदाचा मोठा चौकोन यांच्या मध्ये, डोक्यावरून जरा उत्तरेला, मी मुलांना एक पुसट डाग दाखवत होतो. नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मात्र थेट त्याच्याकडे न बघता किंचित बाजूला बघावं लागतं. ती देवयानी दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखीच, पण तिच्याबाहेरची, अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र वस्ती. अंतर २५ लाख प्रकाशवर्षं, असं मी सवयीनं सांगून टाकलं.

‘‘सर, ते प्रकाशवर्ष राहू द्या,’’ चालक म्हणाले, ‘‘आपली गाडी लावली तर किती दिवस?’’

मुलं हसली. मला हसू आलं नाही, कारण इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही हा हिशेब मी कधी करून पाहिला नव्हता. मग टॉर्चच्या उजेडात, वहीच्या मागच्या पानावर, सगळ्यांनी मिळून केला.

गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर धरला. चहापाणी नाही, डिझेल भरणं नाही, पंक्चरही नाही. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. तिथं जायला नऊ महिने. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे २८५ वर्षं. थोरले बाजीराव गेले त्या सुमारास सुटलेली गाडी आज तिथं लागली असती. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो आणि वर्षभरात साडेनऊ लाख कोटी किलोमीटर कापतो. ते एक प्रकाशवर्ष. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. आपल्या गाडीला साडेसात कोटी वर्षं लागतील, म्हणजे पृथ्वीवर डायनोसॉर हिंडत होते तेव्हाच सुटायला हवं होतं. आणि देवयानी? ४५ लाख कोटी वर्षं. सबंध विश्वाचं वय आहे फक्त १,३८० कोटी वर्षं.

‘‘मग जलद गाडी बघा,’’ चालक म्हणाले.

जलद गाडी आहे. १९७७ मध्ये सुटलेलं व्हॉयेजर-१ यान सेकंदाला १७ किलोमीटर वेगानं सूर्यापासून दूर चाललं आहे. ते देवयानीच्या दिशेनं निघालेलं नाही, पण वळवलं असं समजू. तरी ४,४०० कोटी वर्षं, विश्वाच्या वयाच्या तिपटीहून अधिक. पुढे २०२४ च्या डिसेंबरात पार्कर यानानं सूर्याजवळून जाताना सेकंदाला १९२ किलोमीटर वेग गाठला. तो सूर्याच्या ओढीमुळे, उतारावर गाडी सुटावी तसा. तोच वेग कायम ठेवता आला तरी देवयानीपर्यंत ३९० कोटी वर्षं लागतील.

आइन्स्टाइननं एक पळवाट ठेवली आहे. यान प्रकाशवेगाच्या अगदी जवळ पोचलं, तर त्यातल्या माणसांचा काळ आपल्या तुलनेत सावकाश चालतो. अर्ध्या वाटेपर्यंत पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणानं वेग वाढवत न्यायचा आणि उरलेली वाट तसाच कमी करत आणायचा; आतल्या माणसाच्या घड्याळाप्रमाणे २८ वर्षांत देवयानी येते! पण इथल्या घड्याळाप्रमाणे २५ लाखांहून अधिक वर्षं उलटलेली असतात. आणि इतकं इंधन आणायचं कुठून, याचं उत्तर कुणापाशी नाही.

तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, ‘‘पण हे अंतर मोजलं कुणी?’’ प्रश्न रास्त होता, कारण शंभर वर्षांपूर्वीपर्यंत हा डाग आपल्याच आकाशगंगेतला ढग आहे की बाहेरचा, यावर विद्वानांचे वाद चालत. वाद मिटवण्याची किल्ली सापडली ती अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा तपासणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांना. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. हे चक्र जितकं लांब, तितका तारा मुळात तेजस्वी, हा नियम त्यांनी १९१२ मध्ये मांडला. खरं तेज कळलं, दिसणारं तेज मोजलं, की अंतर काढता येतं. एडविन हबल यांना १९२३ च्या ऑक्टोबरात माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून असा एक तारा देवयानीत सापडला. अंतर निघालं सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं. ढग आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर गेला! आकडा मात्र तोकडा होता. असे तारे दोन प्रकारचे असतात, हे १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवलं आणि एका झटक्यात अंतर दुप्पट झालं.

आणि ही झाली शेजारीण. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे.

एवढं ऐकून मुलं गप्प झाली होती, म्हणून मी त्यांना एक दिलाशाची गोष्ट सांगितली: आपण गेलो नाही तरी देवयानीच इकडे यायला निघाली आहे. सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगानं, व्हॉयेजरच्या सहापटीहून जलद. हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं, की साधारण ४०० कोटी वर्षांनी तिची आणि आकाशगंगेची टक्कर होणार.

‘‘म्हणजे समोरासमोर?’’ चालकांचा आवाज बदलला. घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाला या शब्दाचा अर्थ वेगळा कळतो.

मी म्हटलं, काळजी नको. आकाशगंगा म्हणजे एक फुटाची थाळी धरली, तर देवयानीची थाळी पंचवीस फुटांवर, त्याच पंगतीत. दीर्घिका आपल्या आकाराच्या मानानं तशा जवळजवळच असतात. खरा ओसाडपणा आहे तो थाळीच्या आत. सूर्य म्हणजे मोहरीचा दाणा धरून पुण्यात शनिवारवाड्यापाशी ठेवला, तर दुसरा दाणा लोणावळ्याच्या आसपास. अशा दाण्यांच्या दोन थाळ्या एकमेकींतून गेल्या, तरी दाण्यावर दाणा आपटण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. गुरुत्वाकर्षणानं आकार मोडतील, तारे इकडेतिकडे फेकले जातील आणि शेवटी एकच मोठी दीर्घिका उरेल.

चालकांचं समाधान झालं. पहाटे लवकर निघायचं म्हणून ते गाडीत झोपायला गेले.

ते आता निवृत्त झाले असतील. कुठे रेडिओ ऐकत असतील तर त्यांना एक सांगायचं आहे. २०२५ मध्ये हबल आणि गाया या दुर्बिणींची नवी मोजमापं घेऊन, शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढही हिशेबात धरून, पुन्हा गणित केलं गेलं. पुढच्या १,००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्मीच निघाली. तेव्हा दादा, मी त्या रात्री दिलेलं वेळापत्रक पक्कं नव्हतं. गाडी सुटली आहे एवढं खरं. ती आपल्या स्टँडात शिरेल की बायपासनं निघून जाईल, ते अजून ठरलेलं नाही.