प्रवासी सामानाचा विमा : नाकारलेल्या दाव्याचा विवाद

प्रवासी सामानाचा विमा : प्रवासात सामान गहाळ झाल्यास ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरपाई देण्याचा करार. भारतात तो सहसा सुटा विकला जात नाही. परदेशप्रवासाच्या विमापत्रात वैद्यकीय खर्च, अपघात, पारपत्र हरवणे इत्यादींच्या जोडीला त्याचे एक कलम असते. प्रवासविम्याचा उगमही सामानाच्या काळजीतून झालेला नाही. इंग्लंडमध्ये १८४८ साली स्थापन झालेली रेल्वे पॅसेंजर्स ॲशुअरन्स कंपनी रेल्वेप्रवाशांना अपघाताचा विमा देई. सामानाचे संरक्षण त्यात पुढे आले. वैद्यकीय खर्चाच्या मानाने हे कलम किरकोळ असले, तरी त्याच्या शब्दरचनेत वादाला जागा पुष्कळ असते, आणि विमापत्र घेताना ते क्वचितच वाचले जाते.

सामान हरवलेल्या प्रवाशाला दोन निरनिराळ्या पक्षांकडे मागणी करता येते, आणि या दोन मागण्यांची गल्लत हे अनेक तंट्यांचे मूळ असते. पहिली मागणी विमानकंपनीकडे. तिचा आधार विमापत्र नसून वाहतुकीचा कायदा होय. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबाबत १९२९ च्या वॉर्सा कराराची जागा बहुतांश देशांत १९९९ च्या माँट्रिऑल कराराने घेतली आहे. भारत या करारात २००९ मध्ये सामील झाला व त्यानुसार १९७२ च्या विमानवाहतूक अधिनियमात दुरुस्ती झाली. या करारान्वये सामानाबद्दल विमानकंपनीचे दायित्व दर प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) एवढ्यापुरते सीमित आहे. २८ डिसेंबर २०२४ पूर्वी ही मर्यादा १,२८८ होती. सामान ताब्यात देतानाच त्याचे अधिक मूल्य जाहीर करून जादा आकार भरल्यास मर्यादा वाढते, परंतु ही सोय फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते. नासधूस झालेल्या सामानाची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराने मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. सामान पोहोचावयास हवे होते त्या दिवसापासून २१ दिवस उलटूनही ते आले नाही, अथवा ते हरवल्याचे कंपनीने मान्य केले, म्हणजे हरवल्याचा हक्क प्रवाशाला बजावता येतो. दावा लावण्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती उलटल्यावर हक्कच संपुष्टात येतो. विमा कंपनीच्या उत्तराची वाट पाहत बसणाऱ्या प्रवाशाची ही मुदत नकळत निघून जाण्याचा धोका असतो.

दुसरी मागणी विमा कंपनीकडे. ती सर्वस्वी विमापत्राच्या शब्दांवर अवलंबून असते. पुष्कळ भारतीय विमापत्रांत केवळ चेक-इन सामानाचे, म्हणजे पावती घेऊन विमानकंपनीच्या ताब्यात दिलेल्या सामानाचे, संपूर्ण हरवणे एवढेच समाविष्ट असते. बॅग मिळाली पण आतील वस्तू गेल्या, तर अशा विमापत्राखाली काही मिळत नाही. रोख रक्कम, दागिने, कागदपत्रे ही सामान्यतः वगळलेली असतात. विद्युत् उपकरणांबाबत विमापत्रागणिक फरक आढळतो. प्रत्येक बॅगेस व प्रत्येक वस्तूस वेगळी मर्यादाही असते. समजा, कलमाची रक्कम १,००० डॉलर असून बॅगेस तिच्या निम्मी आणि वस्तूस एक-दशांश अशी मर्यादा आहे. तर एका हरवलेल्या बॅगेबद्दल ५०० डॉलरांहून अधिक मिळणार नाही आणि तीतील ३०० डॉलरांच्या कोटाबद्दल १०० डॉलरच धरले जातील. त्यातून घसारा व विमानकंपनीने दिलेली भरपाई वजा होते, कारण विमा हा क्षतिपूर्तीचा करार आहे आणि एकाच नुकसानीबद्दल दोनदा लाभ घेता येत नाही. अशी कपात झालेली रक्कम हातात पडली, की दावा नाकारला गेल्यासारखे प्रवाशाला वाटते. वस्तुतः तो अंशतः मान्य झालेला असतो आणि वादाचा मुद्दा कपातीच्या हिशेबापुरता उरतो. सामानास झालेला विलंब हे वेगळे कलम असून त्यात ठराविक तासांनंतर केलेल्या निकडीच्या खरेदीचा खर्च मिळतो. भारतात परततानाचा विलंब मात्र पुष्कळ विमापत्रांनी वगळलेला असतो.

दाव्याचे भवितव्य बहुधा विमानतळ सोडण्यापूर्वीच ठरते. सामान आले नाही असे दिसताच तेथील कक्षात ‘प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट’ नोंदवून घ्यावा लागतो. ‘पीआयआर’ या आद्याक्षरांनीच तो ओळखला जातो. जगभरातील विमानकंपन्या ज्या वर्ल्डट्रेसर प्रणालीत ही नोंद करतात, तीत तिला विमानतळाची तीन, विमानकंपनीची दोन सांकेतिक अक्षरे आणि पाच अंक मिळून क्रमांक मिळतो. या अहवालावाचून सामान विमानकंपनीच्या ताब्यात असताना हरवले हे सिद्ध करणे अवघड होते. थकलेला प्रवासी घरी जाऊन दूरध्वनी करतो आणि पुढे त्याच्याकडे तोंडी संभाषणाखेरीज पुरावा उरत नाही. बॅगेवरील चिठ्ठीचा दहा अंकी क्रमांकही जपून ठेवावयाचा असतो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या जून २०१८ पासून लागू झालेल्या ७५३ क्रमांकाच्या ठरावानुसार, बॅग स्वीकारताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्यात देताना आणि परत करताना तिची नोंद ठेवणे सभासद कंपन्यांवर बंधनकारक आहे. बॅग कोठवर पोहोचली होती हे त्या नोंदीवरून कळू शकते व ती मागवून घेण्याजोगी असते. वस्तूंची यादी विमानकंपनीस एक आणि विमा कंपनीस दुसरी दिली, तर ती विसंगतीच दाव्याविरुद्ध उभी राहते. जुन्या कपड्यांच्या पावत्या कोणीच सांभाळत नाही; त्यांच्या जागी बँकेच्या नोंदी व प्रवासातील छायाचित्रे उपयोगी पडतात. विमानकंपनीकडून रक्कम घेताना ‘पूर्ण व अंतिम’ अशा पावतीवर विमा कंपनीला न कळवता सही करणेही अंगाशी येऊ शकते. भरपाई दिल्यावर विमेदाराच्या जागी उभे राहून विमानकंपनीकडून वसुली करण्याचा विमा कंपनीचा हक्क, म्हणजे प्रत्यासन, त्या सहीने बुडतो.

दावा नाकारल्याचे पत्र हा विवादाचा खरा आरंभबिंदू होय. नकार सकारण व लेखी असावा लागतो. विमापत्रातील कलमाचा निर्देश नसेल, तर तो मागून घेणे हे पहिले काम. या पत्राचे महत्त्व सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेल्या निकालाने स्पष्ट झाले : पत्रात न दिलेले कारण विमा कंपनीला नंतर आयोगापुढे प्रथमच पुढे करता येत नाही. नुकसान अपवाद-कलमात बसते हे दाखविण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते (सर्वोच्च न्यायालय, २००७), आणि कलमाचे दोन अर्थ संभवत असतील, तर ते लिहिणाऱ्या पक्षाविरुद्धचा अर्थ ग्राह्य धरतात. ‘लक्ष न ठेवलेले सामान’ यांसारख्या शब्दप्रयोगांबाबत हा नियम विशेष उपयोगी ठरतो. उशिरा कळविल्याच्या कारणाविषयी विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात, अपरिहार्य कारणाने विलंब झालेले खरे दावे केवळ तेवढ्यावरून नाकारू नयेत, असे बजावले. वाहनचोरीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ व २०२० मध्ये हाच रोख ठेवला. ते निकाल सामानाविषयीचे नाहीत. तथापि पीआयआर वेळेत नोंदलेला असून विमा कंपनीला तेवढे उशिरा कळवले गेले, अशा दाव्यात त्यांचा आधार घेता येतो. मूळ घटनाच कोठे नोंदलेली नसेल, तर मात्र हे निकाल फारसे साहाय्य करीत नाहीत.

विवाद प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे न्यावा लागतो. तेथे नकार कायम राहिला किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. ही यंत्रणा १९९८ च्या नियमांनी निर्माण झाली व सध्या २०१७ च्या नियमांखाली चालते. महाराष्ट्रात तिची कार्यालये मुंबई, पुणे व ठाणे येथे आहेत. लोकपालास २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देववता येते, त्यामुळे सामानाचा कोणताही दावा मर्यादेत बसतो. शुल्क पडत नाही व वकिलाची गरज नसते. तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते आणि तोच विषय न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असता कामा नये. लोकपालाचा निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो, तिला ३० दिवसांत त्याचे पालन करावे लागते. तक्रारदाराला तो अमान्य असल्यास पुढचा मार्ग मोकळा राहतो.

तो मार्ग म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने तक्रारदाराला आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. १९८६ च्या कायद्याखाली त्याला प्रतिपक्षाचे ठिकाण शोधत जावे लागे. आयोगाची अधिकारिता भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर, ठरते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असून सबळ कारण दिल्यास विलंब क्षमापित होऊ शकतो. नकारानंतर बारा महिन्यांत दावा न लावल्यास हक्क सोडून दिल्याचे समजले जाईल, असे कलम काही विमापत्रांत दिसते. भारतीय संविदा अधिनियमाच्या कलम २८ मध्ये ८ जानेवारी १९९७ पासून झालेल्या दुरुस्तीनंतर, ठराविक मुदतीअंती हक्क नष्ट करणारी अशी अट शून्य ठरते. तरीही ती छापली जाते व अनेक विमेदार तिला घाबरून गप्प बसतात.

रेल्वेप्रवासाची स्थिती वेगळी आहे. आरक्षित तिकिटाबरोबर २०१६ पासून मिळू लागलेला ऐच्छिक विमा मृत्यू, अपंगत्व व रुग्णालयाचा खर्च यांपुरता आहे. सामान त्यात नाही. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १०० नुसार नोंदणी करून पावती न घेतलेल्या सामानाबद्दल रेल्वे जबाबदार नसते, आणि प्रवाशाच्या स्वतःजवळील सामानाबाबत रेल्वेची निष्काळजी किंवा गैरवर्तन सिद्ध व्हावे लागते. गाडीत कमरेच्या पट्ट्यातून चोरीस गेलेल्या रोख रकमेबद्दल खालच्या आयोगांनी मंजूर केलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये याच भूमिकेतून रद्द केली.