लडाखमधील शाळा आणि हिवाळा

लडाखमधील उच्च प्राथमिक शाळेचा गावाशी असलेला संबंध जाणून घ्यावयाचा, तर प्रथम तेथील ऋतुमान ध्यानी घेतले पाहिजे. उन्हाळ्यात शाळा भरते तेव्हा आईबाप जवाच्या शेतात राबत असतात. हिवाळ्यात जमीन गोठून त्यांना उसंत मिळते, तो शाळेलाच दीर्घ सुट्टी लागलेली असते! १९९४ साली आरंभिलेल्या ‘ऑपरेशन न्यू होप’ या उपक्रमाने ग्राम शिक्षण समित्या स्थापून शाळेचा भार पालकांवरही सोपविला. परंतु समितीत नाव असणे निराळे आणि सुट्टीतील शिकवणीचा वर्ग चालविणे निराळे. वर्गातील बुखारी पेटती हवी. या वृक्षविरळ प्रदेशात वाळलेले शेण हेच परंपरेने मुख्य जळण. वर्गासाठी दिलेली प्रत्येक टोपली घरच्या चुलीच्या साठ्यातूनच उणी होते.