उपाहारगृहाची पायरी

पंचगंगेच्या काठी वसलेले कोल्हापूर हे अंबाबाईचे क्षेत्र म्हणून जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते खवय्यांचे गाव म्हणूनही प्रसिद्ध आहे. सायंकाळी रंकाळा तलावाच्या काठी गेल्यास ही गोष्ट सहज ध्यानात येते. तलावावरून गार वारा येत असतो, पश्चिमेचे रंग पाण्यात उतरलेले असतात आणि चौपाटीवर भेळेच्या गाड्यांभोवती माणसांची दाटी झालेली असते. कोणी गडी दिवसभराचे काम आटोपून आलेला असतो, कोणी मुलाबाळांना घेऊन आलेला असतो. एकाच बाकावर शेजारी शेजारी बसून ही सारी माणसे खातात. शेजारी कोण बसला आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. हे दृश्य इतके नित्याचे आहे, की त्यात काही विशेष आहे असे कोणालाही वाटत नाही. परंतु ते नेहमीच असे नव्हते.

घराबाहेर जेवण्याची वेळ माणसावर पूर्वीपासूनच येत आली आहे. पूर्वीचा वाटसरू घरून निघताना शिदोरी बांधून घेई आणि एखाद्या झाडाखाली किंवा धर्मशाळेच्या ओवरीत ती सोडी. पुढे शहरे वाढली. कोणी शिक्षणासाठी, कोणी नोकरीसाठी, तर कोणी तालमीत कुस्ती शिकण्यासाठी घर सोडून शहरात राहू लागला. शिदोरी एक-दोन दिवस पुरते. वर्षभर पुरत नाही. ही गरज खाणावळीने भागविली. खाणावळ म्हणजे ठराविक पैसे घेऊन पोटभर जेवण देणारे ठिकाण. उपाहारगृहाची तऱ्हा थोडी वेगळी असते. उपाहार म्हणजे फराळ. तेव्हा चहा आणि फराळाचे पदार्थ जेथे मिळतात, ते उपाहारगृह. बोलताना मात्र आपण त्याला सरसकट ‘हॉटेल’ म्हणतो. इंग्रजीत हा शब्द प्रवाशांच्या उतरण्याच्या जागेसाठी वापरतात. मराठीत येताना तो चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला!

‘रेस्टॉरंट’ या शब्दाची कथाही मोठी गमतीची आहे. अठराव्या शतकात पॅरिस शहरात अशक्त माणसाला ताकद देणारा मांसाचा कढ विकला जात असे. त्या कढाचे नाव पुढे तो विकणाऱ्या दुकानाला चिकटले. जगभर पसरलेल्या या शब्दाच्या मुळाशी एक वाटीभर रस्सा आहे, हे ऐकून कोल्हापूरच्या माणसाला आनंदच होईल. कारण त्याचे स्वतःचे नावही रश्श्यासाठीच गाजलेले आहे.

कोल्हापुरी जेवणात तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से असतात. दोहोंचा आधार एकच, तो म्हणजे मटण शिजविलेले पाणी. त्यात कांदा-लसणाची लाल चटणी पडली, की तांबडा रस्सा होतो. ही चटणी घरोघरी उन्हाळ्यात वर्षभरासाठी कुटून ठेवतात. त्याच पाण्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस आणि मसाला घालून, लाल तिखट मात्र वर्ज्य करून, पांढरा रस्सा सिद्ध होतो. सकाळची न्याहारी करणारे मिसळीकडे वळतात. मोडाची उसळ, तिच्यावर फरसाण, चिरलेला कांदा आणि तर्रीदार कट, सोबत ब्रेड असा तिचा थाट असतो. गंगावेशीतील दूधकट्ट्यावर तर म्हशी ग्राहकाच्या समोर उभ्या असतात आणि धारोष्ण दुधाचा फेसाळलेला पेला तेथल्या तेथे हाती मिळतो.

या सर्व समृद्धीच्या मुळाशी पाणी आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून पंचगंगा होते. या नद्यांच्या खोऱ्यांत ऊस पिकतो, उसापासून गूळ होतो आणि हिरव्या वैरणीवर दुभती जनावरे पोसली जातात. याच भोगावतीवर छत्रपती शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचे काम हाती घेतले.

नदी आपले पाणी देताना कोणाची जात पाहत नाही. माणसे मात्र पाहत होती. शंभर वर्षांपूर्वी आपल्या समाजात कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणी कोणाच्या पंगतीला बसावे, याविषयी कडक निर्बंध होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना तर सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरण्याचीही बंदी होती. मग हॉटेलची पायरी चढणे दूरच! त्यांना चहा मिळालाच, तर तो बाहेर, वेगळ्या ठेवलेल्या कपात आणि वरून ओतलेला असा मिळे. पैसे सर्वांचे सारखे, पण कप निराळा, अशी ती विपरीत रीत होती.

या रीतीला कोल्हापुरात एका चहाच्या दुकानाने धक्का दिला. शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे एक गृहस्थ नोकरीस होते. ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील होते. एके दिवशी त्यांनी इतरांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला स्पर्श केला, एवढ्याच कारणावरून त्यांना निर्दय मारहाण झाली. महाराज त्या वेळी परगावी होते. ते परत आल्यावर गंगारामांनी त्यांना भेटून आपली कहाणी सांगितली. महाराजांनी अपराध्यांना शासन केले. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. दुसऱ्याच्या मर्जीवर जगणाऱ्याला मान मिळणे कठीण, हे ओळखून त्यांनी गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्याचा सल्ला दिला आणि त्यासाठी मदतही केली.

गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान थाटले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक हॉटेल’ असे होते. दुकान स्वच्छ होते, चहा उत्तम होता; पण गिऱ्हाईक फिरकेना. त्यांच्या हातचा चहा पिण्यास भल्या भल्या माणसांचे मन धजत नव्हते. ही वार्ता महाराजांच्या कानी गेली. मग शहरातून फेरफटका मारताना त्यांची घोडागाडी या दुकानासमोर थांबू लागली. महाराज भर रस्त्यात मोठ्याने चहा मागवीत. स्वतः पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही देत. प्रत्यक्ष छत्रपती जो चहा पितात, तो नाकारणार कोण? काहींनी तो भीतीने घेतला असेल, काहींनी संकोचाने. पण एकदा घेतल्यावर आपले काहीही बिघडले नाही, हे त्यांना कळून चुकले असेल.

महाराजांनी कायद्याचा मार्गही अवलंबिला होता. सरकारी इमारती, दवाखाने, विहिरी अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम त्यांनी १९१९ मध्ये काढले. परंतु हुकमाने दार उघडते, मन उघडतेच असे नाही. मन उघडण्यासाठी कोणी तरी प्रथम आत जाऊन बसावे लागते. महाराजांनी ते केले. त्यांच्याइतकेच धैर्य गंगारामांनीही दाखविले, हे विसरता कामा नये. ज्यांच्याकडून अपमान झाला, त्यांच्याच शहरात, भर रस्त्यावर, रोज सकाळी चूल पेटवून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसणे ही सामान्य गोष्ट नव्हे. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले. पुढे गंगारामांनी पुढाकार घेऊन नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारले. चहाच्या एका कपाची परतफेड याहून सुंदर कोणती असणार?

जे कोल्हापुरात एका राजाच्या इच्छेने घडले, तो पुढे साऱ्या देशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अंमलात आले. त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत मज्जाव करता येणार नाही, असे ठरविले. त्याच अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचाही उल्लेख आहे. म्हणजे पाण्याचा हौद आणि चहाचे दुकान ही गंगारामांच्या आयुष्यातील दोन्ही स्थळे तेथे जवळजवळ आली आहेत.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशात होता असे नाही. अमेरिकेतील ग्रीन्सबरो या गावी १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील उपाहाराच्या टेबलाशी जाऊन बसले. ती जागा केवळ गोऱ्यांसाठी होती. त्यांना काहीही देण्याचे नाकारण्यात आले. तरी ते शांतपणे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले आणि त्यानंतर त्यांची संख्या वाढतच गेली. त्याच वर्षी जुलै महिन्यात ती जागा सर्वांना खुली झाली आणि १९६४ मध्ये त्या देशानेही असा भेदभाव कायद्याने बंद केला.

अन्न हे केवळ पोटासाठी नसते. जो आपल्या शेजारी बसून जेवतो, त्याला आपण आपल्या बरोबरीचा मानतो. आणि जो बरोबरीचा मानायचा नाही, त्याला प्रथम पंगतीतून उठविले जाते. म्हणून ज्या गावातील हॉटेलच्या बाकावर कोणीही बसू शकतो, ते गाव एका मोठ्या परीक्षेत उतरले असे समजावे. कायदा झाला तरी ही परीक्षा संपत नाही. ज्या ठिकाणी अजूनही कोणाचा कप निराळा ठेवला जात असेल, त्या ठिकाणी ती पुन्हा द्यावी लागते.

आजही कोणत्याही हॉटेलात जाऊन बसले, की काही मागण्यापूर्वीच पाण्याचा पेला पुढे येतो. त्याचे पैसे पडत नाहीत आणि पिणाऱ्याचे नावही कोणी विचारीत नाही. याच पाण्यासाठी एका माणसाने एके काळी मार खाल्ला होता, हे तो पेला ओठाला लावताना ज्याला आठवेल, त्याला त्या पाण्याची खरी गोडी कळेल.