दोघांनी घडविलेले गाणे

लग्न झाले की स्त्रीचे गाणे माजघरात जाते आणि पुरुषाचे गाणे संसाराच्या हिशेबात हरवते, असा अनुभव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेला आहे. क्वचित एखाद्या घरी दोघांपैकी एकाची कला टिकली, तर ती दुसऱ्याच्या त्यागावर टिकली, असेच बहुधा आढळते. या समजुतीला छेद देणारे एक दांपत्य महाराष्ट्राने पाहिले. ते म्हणजे केशवराव भोळे आणि ज्योत्स्नाबाई भोळे. १९३२ साली त्यांचा विवाह झाला, आणि पुढच्या दहा वर्षांत रंगभूमी, बोलपट व नभोवाणी या तिन्ही ठिकाणी मराठी गाण्याचे वळण पालटले. त्या पालटात या घराचा वाटा मोठा होता.

दोघांची घडण मात्र निरनिराळी होती. केशवरावांचा जन्म १८९६ चा. त्यांचा पिंड चिकित्सकाचा. थोर गवयांच्या मैफली त्यांनी भक्तिभावाने ऐकल्या, परंतु डोळे मिटून नव्हे. ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी संगीतावर लिहिले. गवयाचा आवाज कसा लागतो, शब्द कोठे चिरडला जातो, तान कोठे शोभते आणि कोठे केवळ कसरत ठरते, याची फोड करून सांगणारे असे लेखन मराठीत तोवर फारसे नव्हते. ज्योत्स्नाबाई १९१४ साली गोव्यातील बांदिवडे येथे जन्मल्या. त्यांचे माहेरचे नाव दुर्गा केळेकर. गळा उपजतच गोड, आणि त्यावर शास्त्रीय गायनाचे संस्कार झालेले. एकाजवळ कान आणि दुसरीजवळ कंठ, असा हा योग होता.

त्या काळी गाण्यापुढे एक नवीच अडचण उभी होती. मैफलीत एक राग तासभर रंगवावा, तर ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला अवघी तीन-साडेतीन मिनिटे मिळत. दुसरीकडे एक सोयही झाली होती. १९२५ नंतर ध्वनिमुद्रणात कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला आणि हळू स्वरातील बारकावेही टिपले जाऊ लागले. दूरच्या श्रोत्यापर्यंत आवाज पोचविण्यासाठी गायकाने ओरडण्याचे कारण उरले नाही. थोडा वेळ, हळुवार आवाज आणि अर्थपूर्ण कविता या तिन्हींच्या मेळातून भावगीत वाढले. त्याला ‘हलके’ म्हणणारे पुष्कळ होते. परंतु कवितेचा अर्थ न मोडता तीन मिनिटांत एक भाव उभा करणे हे काम हलके नव्हे. त्यासाठी काय गाळावे हे ठाऊक असावे लागते. केशवरावांची चाल आणि ज्योत्स्नाबाईंचा संयत स्वर यांनी हे काम मोठ्या निष्ठेने केले.

त्याची जाहीर परीक्षा १ जुलै १९३३ रोजी मुंबईत झाली. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. नॉर्वेतील नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकाचे ते रूपांतर होते. पूर्वीच्या संगीत नाटकांत पदांची रेलचेल असे, ‘वन्स मोअर’वर रात्र सरे, आणि नायिकेची भूमिका बहुधा पुरुष करी. हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रियांनी रंगभूमीवर पाऊल ठेवले होते खरे. तथापि विवाहितेने पतीचे नाव लावून नायिका म्हणून उभे राहणे ही त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती. या नाटकात बिंबेची भूमिका ज्योत्स्नाबाईंनी केली. गाणी मोजकी होती, ती प्रसंगातून उगवत आणि प्रसंगातच विरत. संगीत केशवरावांचे होते. पत्नीच्या गळ्यावर टाळ्या मिळविण्याचा सोपा मार्ग त्यांना मोकळा होता; परंतु नाटकाला हवे तेवढेच गाणे ठेवण्याच्या धोरणाला दोघेही जागली.

पुढे केशवराव पुण्याच्या ‘प्रभात’ चित्रसंस्थेत गेले. १९३४ च्या ‘अमृतमंथन’नंतर १९३६ साली ‘संत तुकाराम’चे संगीत त्यांनी केले. हे काम किती अवघड होते, हे कळण्यासाठी पुणे जिल्ह्याचाच एक मुलूख डोळ्यांपुढे आणावा. दौंड तालुक्यात मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या बेचक्यात राहू हे गाव आहे. त्याच्या दक्षिणेस यवत. तेथे आषाढी वारीत तुकोबांची पालखी मुक्कामास असते. अशा टापूतील माणसाला भजनाची पारख शिकवावी लागत नाही. टाळाचा ठेका घसरला, किंवा अभंगात नाटकी तान शिरली, की त्याच्या कानाला ते लागलीच खटकते. केशवरावांनी वारकरी भजनाचा साधा, ठाम ठेका जपला आणि दिखाऊ अलंकार दूर ठेवले. शांताराम आठवले यांनी या बोलपटासाठी लिहिलेली एक रचना तर अनेकांना तुकोबांच्या गाथेतीलच वाटली. शब्दांइतकेच श्रेय त्या चालीलाही द्यावे लागेल. १९३७ साली व्हेनिस येथील महोत्सवात या बोलपटाचा गौरव झाला.

त्याच वर्षी आलेल्या ‘कुंकू’मध्ये वाद्यमेळाच्या पार्श्वसंगीताऐवजी प्रसंगातील स्वाभाविक आवाजांवर भर देण्यात आला. काढून टाकणे हीदेखील रचनाच होय, हे तत्त्व येथे दिसते. पुढे जमैका बेटावर, किंग्स्टन शहरात, १९७० च्या सुमारास किंग टबी या तंत्रज्ञाने तयार ध्वनिमुद्रणातून गायकाचा आवाज काढून घेतला, ढोल व खर्जाची तार पुढे आणली आणि प्रतिध्वनी खेळविला. त्या प्रकाराला ‘डब’ म्हणतात. यंत्र तेथे वाद्यच झाले. त्या वळणाचे विद्युत्‌संगीत अमेरिकेतील इंड्रा ड्युनिस आणि एरन कॉइस या दांपत्याने ‘पीकिंग लाइट्स’ या नावाने केले. ‘९३६’ हा त्यांचा संग्रह २०११ चा, ‘ल्युसिफर’ २०१२ चा. भोळे दांपत्याशी त्यांचा काही संबंध नाही. परंतु एकाच घरातील दोघांनी काळाचे यंत्र हाताशी घेऊन गाणे घडवावे, हा प्रकार दोन्हीकडे सारखाच आहे.

केशवरावांची पत्नी एवढीच ज्योत्स्नाबाईंची ओळख राहिली नाही, ही या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त त्यांनी भानुमती साकारली. चित्रपटात नाव काढणारी पत्नी आणि त्यामुळे दुखावणारा पतीचा अहंकार, हा त्या नाटकाचा गाभा. संगीत मास्टर कृष्णरावांचे होते. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या चालीवर त्यांनी गायिलेले राजा बढे यांचे माहेरचे गीत घरोघरी पोचले. दुसऱ्यांच्या चालींवर पत्नी कीर्तीस चढत असताना केशवराव आपल्या लेखनात व रचनेत मग्न राहिले. रंगभूमीवर भानुमतीला जे घरात मिळाले नाही, ते ती भूमिका करणारीला स्वतःच्या घरात मिळाले होते.

केशवराव १९७७ साली निवर्तले. ज्योत्स्नाबाई २००१ साली. पुण्यात हिराबागेतील एका सभागृहाला आज ज्योत्स्नाबाईंचे नाव आहे. जुनी भावगीते ऐकताना आपण गायिकेचे नाव घेतो आणि चाल कोणाची हे विसरतो. बोलपटाच्या बाबतीत गाणाऱ्याचे नाव मागे पडते. या दोघांचे गाणे ऐकताना तरी दोन्ही नावे सोबत घ्यावीत. आणि ज्या घरी एखादी मुलगी किंवा सून गाते, त्या घराने संध्याकाळचा एक तास तिच्या रियाजासाठी राखून ठेवावा.