पाळी, रातपाळी आणि रक्ततपासणी

मराठीत ‘पाळी’ हा एकच शब्द दोन गोष्टींना लागतो. एक कारखान्यातली, दुसरी स्त्रीच्या शरीराची. आम्ही आयुष्य पहिल्या पाळीची भांडणे भांडण्यात घालविले. दुसरीविषयी बोलण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील तर ते विचारणे रास्तच आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही आमची आठवीतच सुटली. परंतु संघटनेच्या कचेरीत विम्याचे कागद भरून घ्यावयास ज्या भगिनी येतात, त्या हळूच पिशवीतून रक्ततपासणीचा कागदही पुढे करतात. “दादा, ह्या आकड्यापुढं बाण आलाय, काय झालंय मला?” निदान करणे आमचे काम नव्हे, हे आम्ही त्यांना सांगतोच. पण तो कागद वाचता तरी यावा म्हणून आम्ही पुस्तके चाळली, जाणत्या डॉक्टरांना सतावले, आणि एक गोष्ट चांगलीच ध्यानात आली. अंतःस्रावांच्या, म्हणजे बोलीत आपण ज्यांना हार्मोन म्हणतो त्यांच्या तपासणीत नुसता आकडा हा अर्धाच असतो. रक्त किती वाजता काढले, पाळीच्या कितव्या दिवशी काढले आणि त्याआधी पोटात कोणती गोळी गेली होती, हे कळल्याखेरीज तो पुरा होत नाही. बाईला थायरॉईडचा विकार असेल तर हा गुंता आणखी वाढतो.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूस असलेली, फुलपाखराच्या आकाराची लहानशी ग्रंथी. ती रक्तात जो स्राव सोडते त्यातला मुख्य म्हणजे थायरॉक्सिन, अथवा टी-फोर. शरीराची भट्टी किती जोराने पेटावी हे त्यावर ठरते. ह्या ग्रंथीवर एक मुकादम नेमलेला आहे; तो म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी. हाताखालचा माणूस मंदावला की मुकादमाचा आवाज चढतो. तो जरुरीपेक्षा अधिक काम करू लागला की मुकादम गप्प बसतो. (मुकादमाचा एवढा समंजसपणा आम्ही केवळ शरीरशास्त्रातच पाहिला.) ह्या आवाजाचे माप म्हणजे टीएसएच. तेव्हा टीएसएच वाढले याचा अर्थ बहुतकरून थायरॉईडचे काम कमी पडते आहे असा होतो; कित्येकजणी येथेच फसतात.

हाच मुकादम एफएसएच आणि एलएच ह्या नावांनी बीजकोशांनाही हुकूम सोडतो, आणि अंगावर दूध आणणारे प्रोलॅक्टिनही त्याच्याच कोठारातून निघते. एकाच्या हाती तीन खाती असल्यावर एका खात्यातली गडबड दुसऱ्यात पोहोचावयाचीच.

असल्या सूक्ष्म पदार्थांचे मोजमाप होऊ लागले त्याला फार काळ लोटलेला नाही. १८९१ साली इंग्लंडात न्यूकासल येथे जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका ४६ वर्षांच्या बाईचे दुखणे आटोक्यात आणले, आणि ती पुढे २८ वर्षे जगली. मात्र मात्रा किती द्यावी हे ठरविण्यास त्यांच्यापाशी स्वतःच्या डोळ्यांखेरीज साधन नव्हते. रक्तातला कणभर अंतःस्राव मोजण्याची युक्ती न्यूयॉर्कमध्ये रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० नंतरच्या दशकात काढली, आणि यॅलोबाईंना त्याबद्दल १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पदवी हाती असूनही ह्या बाईंना आरंभी एका शास्त्रज्ञाकडे सेक्रेटरीची नोकरी धरावी लागली होती, हे आम्हांला मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता घड्याळाकडे वळू. टीएसएच दिवसभर एकसारखे राहत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास आणि पहाटेपूर्वी ते सर्वांत चढलेले असते, सकाळपासून उतरते आणि दुपारी तळाशी असते. प्रयोगशाळा निरोगी माणसाची मर्यादा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास छापतात. ह्या सीमेच्या जरासा वर सकाळी आलेला आकडा त्याच बाईच्या दुपारच्या रक्तात सीमेच्या आत येऊ शकतो. म्हणून मागच्या आकड्याशी तुलना करावयाची तर रक्त दर खेपेस एकाच सुमारास, शक्यतो सकाळी द्यावे.

पण रातपाळीवाल्यांनी काय करावे? झोप ही टीएसएचला लगाम घालते. रात्र जागून काढली म्हणजे तो लगाम सुटतो आणि टीएसएच नेहमीपेक्षा अधिक चढते. इस्पितळातली परिचारिका रात्रीची ड्युटी संपवून, घरी जाण्यापूर्वी आठ वाजता तेथेच रक्त देऊन टाकते. तिच्या दृष्टीने ते सोयीचे. पुन्हा यावयास नको, रजा बुडावयास नको. परंतु तिचा तो आकडा तिच्या थायरॉईडचा किती आणि जागरणाचा किती, हे कोणी सांगावे? सीमेवरचा आकडा असला तर त्यापायी जन्माची गोळी मागे लागू शकते. दिवसपाळी चालू असताना, काही रात्री नीट झोप झाल्यावर रक्त द्यावे. आणि तसे जमलेच नाही तर “रात्रपाळीनंतर” हे शब्द कागदावर लिहवून घ्यावेत. दिवसपाळीच्या आठवड्यात तपासणीसाठी दोन तासांची भरपगारी सवड मिळाली तर हा प्रश्न पुष्कळ अंशी सुटतो, आणि ही मागणी मालकाला दिवाळखोरीत काढील असे आम्हांला वाटत नाही.

गोळीचेही वेळापत्रक आहे. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावयाची. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवावयाच्या, कारण त्या तिला आतड्यात अडवून धरतात. तपासणीच्या सकाळी गोळी बरोबर न्यावी आणि रक्त देऊन झाल्यावर घ्यावी, कारण गोळी घेतल्यावर काही तास टी-फोर उगाच फुगलेले दिसते. मात्रा बदलली तर सहा ते आठ आठवडे थांबून मगच टीएसएच पाहावे. थायरॉक्सिन रक्तातून सुमारे सात दिवसांत निम्मे होते, म्हणून नवी मात्रा स्थिरस्थावर व्हावयास पाचसहा आठवडे लागतात, आणि मुकादम तर त्याहूनही सावकाश शांत होतो. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी म्हणजे पैशाचा चुराडा. काहीजणी महिनोन्‌महिने गोळी चुकवितात आणि तपासणीच्या आठवड्यात मात्र नेमाने घेतात. त्यांच्या कागदावर टी-फोर ठीक आणि टीएसएच चढलेले असे चित्र उमटते. अनुभवी डॉक्टर ते पाहून गालात हसतात.

बायोटिनचा प्रकार तर मोठा मजेचा आहे. थायरॉईड मंदावले की केस गळतात. केस गळतात म्हणून बाई दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणते. शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. गोळीत असतात कधी कधी १०,००० मायक्रोग्रॅम. तपासणीच्या कित्येक यंत्रांत मापनासाठी बायोटिनचाच उपयोग केलेला असतो, म्हणून रक्तातले हे जादा बायोटिन यंत्राला चकविते. टीएसएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन खोटेच कमी दिसतात. टी-फोर, इस्ट्राडिओल, प्रोजेस्टेरॉन खोटेच जास्त दिसतात. थायरॉईड मंद असलेली बाई कागदावर थायरॉईड भडकलेली ठरते! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली ह्याविषयी जाहीर इशारा दिला होता. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ही गोळी बंद ठेवावी, मात्रा मोठी असेल तर डॉक्टरांना विचारून अधिक दिवस.

घड्याळाचे झाले, आता कॅलेंडर. दर वर्षी ८ मार्चला, महिला दिनानिमित्त, कित्येक कारखान्यांत आरोग्य शिबिर भरते. फुगे लावतात, गुलाब देतात, आणि एकाच सकाळी साऱ्या बायकांचे रक्त काढतात. हेतूविषयी आम्ही वाकडे बोलत नाही. परंतु त्या तपासण्यांत एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल असतील आणि पाळीचा दिवस कोणी विचारला नसेल, तर त्या आकड्यांचे करावयाचे काय? महिन्याच्या मध्यावर बीज सुटण्यापूर्वी एलएच एकदम उसळते आणि त्याबरोबर एफएसएचही चढते. त्या दिवशी रक्त दिलेल्या बाईचा एलएचचा आकडा पाळी गेलेल्या बाईच्या आकड्याशी जुळू शकतो. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला शिबिराचा कागद दाखवून “तुमची पाळी जायची वेळ आली” असे कोणी सांगितले म्हणजे ती घरी जाऊन काय रात्र काढीत असेल!

हे तिन्ही स्राव पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पाहावयाचे असतात. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. काही भगिनी चौथ्या दिवसाच्या न्हाण्यापासून मोजतात, तसे मोजू नये. बीज सुटले की नाही हे सांगणारे प्रोजेस्टेरॉन मात्र पुढची पाळी येण्याच्या सुमारे सात दिवस आधी पाहतात. ‘एकविसावा दिवस’ असे जे सर्रास लिहिले जाते ते अठ्ठावीस दिवसांच्या पाळीपुरतेच खरे. पस्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचे रक्त अठ्ठाविसाव्या दिवशी घेतले पाहिजे. एकविसाव्याला घेतले तर बीज सुटूनही ते सुटले नाही असा निकाल हाती पडेल. थायरॉईड मंद असता पाळी लांबणे, अंगावरून अधिक जाणे हे नेहमीचेच, म्हणून ह्या बायकांची ‘एकविसाव्या’कडून फसगत होण्याचा संभव जास्त. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर बीजकोशांचे हे आकडे वाचूच नयेत, कारण त्या काळात मुकादमाला गोळीनेच गप्प केलेले असते.

ज्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला ती गोष्ट आता येते. थायरॉईड फार मंदावले म्हणजे मेंदूतून मुकादमाला जो निरोप जातो त्याला टीआरएच म्हणतात. ह्या निरोपाने टीएसएच चढते हे खरे, पण त्याच्या धक्क्याने प्रोलॅक्टिनही चढते. प्रोलॅक्टिन चढले की बीजकोशांचे हुकूम बंद पडतात, पाळी चुकते, क्वचित अंगावर दूधही येते. अशी बाई वंध्यत्वासाठी फिरत राहते. कोणी प्रोलॅक्टिनचा आकडा पाहून मेंदूची महागडी छायाचित्रे काढावयास सांगतो. आणि टीएसएच कोणी पाहिलेले नसते. थायरॉईडची गोळी लागू पडली की असे प्रोलॅक्टिन काही महिन्यांत आपसूक उतरते. आम्लपित्ताच्या गोळ्यांत पुष्कळदा डोम्पेरिडोन असते, त्यानेही प्रोलॅक्टिन चढते. रातपाळीच्या चहाने पित्त झालेल्या बायकांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तीच गोष्ट ‘पीसीओडी’ ह्या शिक्क्याची. तो मारण्यापूर्वी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन पाहून घेणे हा वैद्यकाचा मान्य नियमच आहे.

यकृतात एक वाहक प्रथिन तयार होते, एसएचबीजी नावाचे. टेस्टोस्टेरॉन बहुतांशी आणि इस्ट्राडिओल काही अंशी त्याच्या पाठीवर बसून रक्तात हिंडतात. थायरॉईड मंद असेल तर हे वाहक घटते आणि एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसते. थायरॉईड भडकले की ते वाढते आणि आकडे फुगतात. म्हणून आधी थायरॉईड ताळ्यावर आणावे, मग बाकीचे मोजावे. उलट दिशेनेही हे घडते. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी थायरॉक्सिनचे वाहक वाढते, तेव्हा एकूण टी-फोर जास्त आले म्हणून घाबरू नये. मुक्त टी-फोर आणि टीएसएच पाहावे.

पंचेचाळिशीनंतर तर घोटाळा लक्षणांतच असतो. थकवा, झोप उडणे, वजन वाढणे ही पाळी जाण्याच्या काळातही होतात आणि थायरॉईड मंदावल्यावरही. छाती धडधडणे, घाम फुटणे ही थायरॉईड भडकल्यावरही. एफएसएच ह्या वयात एका महिन्यात चढते, दुसऱ्यात उतरते, त्याच्या एका आकड्यावर काही ठरत नाही. टीएसएचच्या एका तपासणीने निदान एक बाजू तरी स्पष्ट होते.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बाईला दिवस गेले तर पाळी चुकताच टीएसएच करून डॉक्टरांना भेटावे. गर्भाच्या पाचव्यासहाव्या आठवड्यापासूनच मात्रेची गरज वाढू लागते, बहुधा चौथाई ते निम्म्याने; पुढे गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासावे. बाळंतपणानंतर मात्रा पूर्ववत करून सहा आठवड्यांनी पुन्हा पाहावे.

ज्यांना आधी काही विकार नव्हता त्यांतल्याही काहीजणींना बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉईडची सूज येते. ती आधी एकदोन महिने ग्रंथीला भडकविते आणि मग मंदावते. म्हणून तिसऱ्या महिन्यात टीएसएच खाली आणि सहाव्यात वर, असे दोन उलटे कागद हाती येऊ शकतात, आणि दोन्ही खरे असतात. प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. त्यातले काही आठवडे बाळंतपणापूर्वीच जातात, आणि बाई कामावर परतते ती नेमकी ह्या मंदीच्या सुमारास. हात चालत नाहीत, डोळ्यांवर झापड येते, उत्पादन भरत नाही, आणि महिन्याभरात कामचुकारपणाची नोटीस हातात पडते. अशी नोटीस घेऊन कोणी आमच्याकडे आली तर उत्तराचा मसुदा लिहावयास घेण्यापूर्वी आम्ही तिला मूल किती महिन्यांचे झाले ते विचारतो, आणि टीएसएच करून आणावयास सांगतो.