नो गिअर, प्लीज!

उद्याची कार इलेक्ट्रिक, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. पण तिच्यामुळे भंडाऱ्यात काय हलणार आहे, ठाऊक आहे?

नवी कार घ्यायचा विचार चाललाय? मग मित्रांच्या कट्ट्यावर वाद झालाच असणार: पेट्रोल की इलेक्ट्रिक? मायलेज, लुक्स, ईएमआय... सगळ्यावर बोलून होतं. एक मुद्दा तेवढा राहतो. तो बघायचा तर नागपूरहून रायपूरच्या हायवेला लागा. साधारण ६० किलोमीटरवर भंडारा. तलावांचा, तांदळाचा जिल्हा. आणि हो, गाड्यांचासुद्धा!

गडेगावचे गिअर

भंडारा सोडून लाखनीकडे निघालं की गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना लागतो. १९८०च्या दशकापासूनचा. ट्रकचे गिअरबॉक्स ही त्याची खासियत.

आता गंमत बघा. इंजिन ठरावीक वेगातच नीट जोर देतं, म्हणून त्याला गिअर लागतात. इलेक्ट्रिक मोटर थांबल्या जागेवरूनच पूर्ण जोर लावते. त्यामुळे बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्ये गिअर एकच आणि क्लच तर नाहीच. ट्रॅफिकमध्ये तुमच्या डाव्या पायाला आराम! पण ज्याचं सगळं स्किल गिअरचे दाते कापण्यात आहे, त्याचं काय?

जड ट्रकमध्ये हा बदल हळू येतोय; काही इलेक्ट्रिक ट्रकना दोन-चार गिअर लागतातही. २०१७मध्ये शेजारच्या नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सी आल्या, तेव्हा चार्जिंगच्या रांगांनी ड्रायव्हर वैतागले होते. म्हणजे हाताशी वेळ आहे. पण भंडाऱ्याला हा पिक्चर नवा नाही. पितळी भांड्यांसाठी हे शहर नावाजलेलं; घराघरात स्टील आलं आणि तो धंदा आटला.

तुमसरचं मँगनीज

दुसरी बाजू मस्त आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला ‘मॉईल’च्या मँगनीज खाणी आहेत. टॉर्चच्या सेलमध्ये लागणारं मँगनीज डायऑक्साइड बनवणारा प्लांटही डोंगरीलाच आहे. इलेक्ट्रिक कारच्या अनेक लिथियम बॅटऱ्यांमध्येही निकेल-कोबाल्टच्या जोडीला मँगनीज असतं. फक्त तिथे जास्त शुद्ध, वेगळ्या ग्रेडचा माल लागतो. तो इथे बनला तर नोकऱ्या इथे. नुसता दगड ट्रकमध्ये भरून पाठवला, तर खोदायचं आपण आणि मलई दुसऱ्याची!

मग करायचं काय?

राज्याच्या २०२५च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलंय. मुंबई-कोलकाता हायवे भंडारा, लाखनी, साकोलीतूनच जातो. चार्जर येतील, ते दुरुस्त करणारे हातही लागतील. आयटीआयमध्ये लेथच्या शेजारी बॅटरी पॅक आणि मोटर-कंट्रोलर आताच यायला हवेत.

आणि पुण्याच्या ऑटो कंपन्यांत बसलेल्या भंडाऱ्याच्या पोरापोरींनो, हे सगळं तुम्ही रोज लॅपटॉपवर बघता. पुढच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा आयटीआयला शिकणाऱ्या चुलतभावाला तेवढं सांगा. गिअर बदलायची वेळ त्याची आहे!